‘कस्टमचा माल’ म्हणून विकलेला बॅटरीचा कटर

मंगल कार्यालयात दोन-तीन दिवसांचा टूल सेल लागतो, तिथनं बॅटरीवर चालणारा सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची करवत, घ्यायचं डोक्यात असेल तर आधी हे वाचा. सांगलीत असाच एक सेल लागला होता. बाहेर फ्लेक्स, ‘कस्टमने पकडलेला माल, लिलावातून सोडवलेला’. आत ड्रिल, ग्राइंडर, चेनसॉ, सगळ्यांना एका नामांकित कंपनीचा रंग आणि नाव. विकायला मात्र आपल्याच भागातली पोरं ठेवलेली, म्हणजे गिऱ्हाइकाला परकं वाटायला नको.

डेमोचं मशीन चांगलंच होतं. पोरानं दोन इंची सागाची पट्टी शिकंज्यात धरली, बटण दाबलं आणि लोण्यासारखी कापून दाखवली. गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, टपकन मिटला, पातं जागेवर थांबलं. किंमत बॅटऱ्या आणि चार्जरसकट 5,500. “दुकानात ह्याचेच 22,000 हायत, मिस्त्री,” पोरगा म्हणाला. मी तेच मशीन मागितलं तर म्हणतो, “डेमोचा पीस कशाला नेता, पॅक पीस देतो की!” आणि टेबलाखालनं सीलबंद खोका काढला. सगळा खेळ त्या टेबलाच्या वर आणि खाली होता. चालवून बघायचं म्हटलं तर “सील फोडलं की वॉरंटी जाती” हे उत्तर तयार. क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाच्या नावाऐवजी कुणातरी माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, “अकाउंटंटचं हाय ओ.” बिल मात्र छापील दिलं, जीएसटी नंबरसकट.

आता मशीनबद्दल. आपल्याकडं बहुतेक सुतार मार्बल कटरला लाकडाचं पातं लावूनच प्लाय कापतात. मार्बल कटरचा गार्ड एका जागी बसवलेला असतो, खालचा भाग कायम उघडा. त्यामुळं सर्क्युलर सॉचा खालचा गार्ड नेमकं काय करतो याकडं पुष्कळांचं लक्षच जात नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. कापताना हा गार्ड लाकडाला टेकून मागं सरकतो आणि काप संपला की स्प्रिंगच्या जोरावर लगेच पातं झाकतो. चांगल्या मशीनला शिवाय ब्रेक असतो, बटण सोडलं की पातं एक-दोन सेकंदांत थांबतं. आणि एक लॉक असतो, तो अंगठ्यानं दाबल्याशिवाय मुख्य बटण दबतच नाही.

खोक्यातल्या मशीनमध्ये नेमक्या ह्याच तीन गोष्टी नव्हत्या. लॉकचं बटण दिसायला होतं, पण ते बॉडीतच ओतलेलं प्लॅस्टिक, हलतच नव्हतं. ब्रेक नाही, बटण सोडल्यावर पातं आपल्या मर्जीनं घुंऽऽ करत फिरत राहायचं. गार्डची स्प्रिंग बॉलपेनमधल्या स्प्रिंगएवढी बारीक आणि प्लॅस्टिकच्या एका खुंटीला अडकवलेली. पहिल्या दोन-तीन प्लायचा भुसा बसला आणि खुंटी वाकली.

सांगलीतच विश्रामबागच्या साइटवर आमच्या पोरानं 18 एमएम प्लायचा काप संपवला, बटण सोडलं आणि सवयीनं मशीन फरशीवर ठेवलं. गार्ड अर्धा उघडाच अडकलेला, पातं फिरतंय. पात्याचे खालचे दात पुढच्या बाजूला जात असतात, म्हणून ते जमिनीला टेकलं की मशीन मागं पळतं, म्हणजे धरणाऱ्याच्याच पायाकडं. त्याच्या चपलेचा अंगठ्यापुढचा भाग कापून ते भिंतीला जाऊन थडकलं. अंगठा वाचला. चपलेवरचा काप इतका सरळ होता की पट्टी लावून मारल्यागत.

मग दुपारभर काम बंद ठेवून ते मशीन खोललं. पात्याचं भोक 20 एमएमचं आणि शाफ्ट 16 एमएमचा, मधली रिंगच नाही. म्हणजे पातं मधोमध बसतच नव्हतं, नुसतं बोल्टच्या दाबावर थरथरत होतं. पात्यावर कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे, तोही छापलेला नव्हता. चांगल्या पात्यावर तो आकडा असतो आणि मशीनचा वेग त्याच्या आतच लागतो.

बॅटरीवर मोठ्या अक्षरांत ‘88 व्हीएफ’. व्हीएफ नावाचं कुठलं मापच नाही, व्होल्ट असतो. मल्टिमीटरची लाल पिन प्लसला लावली, काळी मायनसला, बॅटरी फुल चार्ज असताना आकडा आला 20.6. उघडून बघितली तर आत लिथियमचे पाच सेल एकाला एक जोडलेले. एक सेल भरल्यावर 4.2 व्होल्टचा, पाचांचे जास्तीत जास्त 21. दुकानात 18 किंवा 20 व्होल्ट म्हणून मिळतात त्याही बॅटऱ्यांत पाचचीच माळ असते, त्यामुळं इथवर ठीक. पण अशी एकच माळ असली की तिची क्षमता एका सेलएवढीच राहते. ह्या आकाराचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन ॲम्पियर-अवरच्या आसपास आणि स्टिकरवर लिहिलेलं 15! हे ओळखायला बॅटरी फोडायची गरज नाही, वाण्याच्या काट्यावर ठेवा. असा एक सेल साधारण 45 ग्रॅमचा. 5 ॲम्पियर-अवरच्या पॅकमध्ये असे दहा लागतात, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन साडेचारशे ग्रॅम. कवचासकट तीनशेच्या आतबाहेर भरली तर स्टिकर खोटं.

तुम्ही बघणार असाल तर पैसे द्यायच्या आधी, बॅटरी काढून, गार्ड हातानं पूर्ण मागं ओढून सोडा. तो न अडखळता मिटला पाहिजे, मशीन आडवं-उभं कसंही धरलं तरी. मग बॅटरी लावून, लॉक न दाबता बटण दाबून बघा. चालू झालं तर तिथंच ठेवून या. आणि जो पीस घरी न्यायचा तोच चालवून मागा, दुसरा नाही. सिरियल नंबर खोक्यावर, मशीनवर आणि बिलावर एकच हवा, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून तो त्यांच्याकडं आहे का ते विचारता येतं. बॅटरीवर आर-नंबर, म्हणजे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) R ने सुरू होणारा नोंदणी नंबर, असेल तर तो त्यांच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा.

अस्सल मशीन घेतलं तरी गार्डला तार बांधून तो उघडा ठेवणारे मिस्त्री मी रोज बघतो, त्यांना काय बोलणार. पातं प्लायच्या खाली पाव इंचच निघेल एवढंच खाली घ्या. तुकडा दोन्ही टोकांना टेकवून मधे कापलात तर तो खाली वाकून पात्याला चिमटा घेतो आणि मशीन उसळून अंगावर येतं. सुटणारा भाग मोकळा पडला पाहिजे. स्वतः पात्याच्या रेषेत न उभं राहता थोडं बाजूला राहायचं, आणि पातं बदलताना बॅटरी काढून खिशात.

पैशाचं काय झालं म्हणाल तर, सेलवाल्याचा मोबाईल बंद. बिलावरचा जीएसटी नंबर मोजला तर चौदाच अक्षरं भरली. खरा पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर कुणालाही तो टाकून बघता येतो. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यांनी समोरच्याचा पत्ता विचारला. कार्यालयाच्या मॅनेजरनं आधी टाळाटाळ केली, पण पोलिसांत अर्ज देतो म्हटल्यावर बुकिंगच्या कागदाची झेरॉक्स दिली. त्यावर परराज्यातला पत्ता आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही असं एकानं मला सांगितलं होतं, ते अर्धवट आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं हत्यार असेल तर आपण ग्राहकच ठरतो. 2019 च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय, सोबत ते वजन केलेल्या बॅटरीचे आणि चपलेचे फोटो. नोटीस बुकिंगवरच्या पत्त्यावर गेली आहे, पोचपावती अजून आलेली नाही.