शैवालातील जड धातूंची तपासणी : एका प्रयोगशाळेच्या सेवेविषयी

खाडीच्या मुखापासून मोकळ्या किनाऱ्यापर्यंत पाच ठिकाणची शैवाले आम्ही वर्षभर एका खासगी प्रयोगशाळेकडे जड धातूंच्या तपासणीसाठी पाठवली. त्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे.

पाणी सोडून शैवाल कशाला, असे अनेक जण विचारतात. बाटलीत भरलेले पाणी त्या क्षणापुरते बोलते. रात्री सोडलेले सांडपाणी ओहोटीबरोबर निघून गेले, की सकाळचा नमुना निर्दोष ठरतो. शैवाल मात्र खडकाला धरून राहते आणि पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त कित्येक आठवडे अंगात साठवते. सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तिकेतील अल्जिनेट हा चिकट पदार्थ या धातूंना घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे पाण्यात जेमतेम सापडणारा धातू शैवालात सहज मोजता येतो.

मोजणीच्या बाबतीत ही प्रयोगशाळा विश्वासार्ह आहे. वाळवून दळलेला नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून आयसीपी-एमएस या अत्यल्प धातूही मोजणाऱ्या यंत्रावर तपासला जातो आणि प्रत्येक खेपेसोबत बीसीआर-279 या, उल्वा नावाच्या हिरव्या शैवालाच्या, धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या प्रमाणित भुकटीचे निष्कर्षही जोडलेले असतात. आपले आकडे किती खरे, हे ग्राहकाला स्वतः पडताळता येते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उणीव आहे ती नमुना गोळा करण्याच्या सूचनापत्रात. 'स्वच्छ धुऊन पाठवावे' एवढेच त्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात सरगॅसमच्या पानांच्या बेचक्यांत बारीक गाळ अडकलेला असतो, देठावर कृमींच्या पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या असतात, आणि त्या गाळातला धातू शैवालाच्या नावावर जमा होतो. आम्ही एकाच झुपक्याचे दोन भाग केले, एक समुद्राच्याच पाण्यात तीनदा खळबळून धुतला, दुसरा वरवर धुतला आणि दोन्ही वेगळ्या क्रमांकांनी पाठवले. वरवर धुतलेल्या भागात लोह आणि शिसे स्पष्टपणे जास्त निघाले, कॅडमियम मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. वाढीचे कोवळे टोक घ्यावे की जुना देठ, याविषयीही पत्रक गप्प आहे. जुन्या भागात अनेक धातू अधिक साठलेले असतात, त्यामुळे दर वेळी वेगळा भाग कापला तर तुलनेला अर्थच उरत नाही.

पहिल्या अहवालात 'मिलिग्रॅम प्रति किलो' एवढेच होते; वजन ओले की सुके, याचा उल्लेख नव्हता. ताज्या शैवालात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते, तेव्हा हा फरक पाचपटींचा किंवा त्याहून मोठा ठरतो. विचारल्यावर 'सुके वजन' असे उत्तर त्याच दिवशी आले आणि पुढच्या अहवालांत तशी नोंदही झाली.

अहवालात आर्सेनिकपुढे मारलेली 'धोकादायक' ही लाल खूण मात्र मला अजूनही पटलेली नाही. तपकिरी शैवालात एकूण आर्सेनिक नैसर्गिकपणेच जास्त असते आणि बहुतेकदा ते कमी विषारी सेंद्रिय रूपात असते. तरीही सरगॅसमच्या काही जातींत अधिक विषारी असेंद्रिय आर्सेनिकही मोठ्या प्रमाणात आढळते, म्हणून दोन्ही रूपे वेगळी मोजल्याशिवाय अशी खूण करू नये.

पुढच्या वर्षासाठीही आम्ही हीच सेवा घेतली आहे. प्रत्येक नमुन्यात गाळात भरपूर असणारे लोह आणि ॲल्युमिनियम मोजून मिळावे, म्हणजे गाळाचा अंश ओळखता येईल, अशी अट आम्ही घातली आणि ती त्यांनी मान्य केली.