४४ नंबरवाली मिलिटरी हार्ले घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

मंडळी, जुन्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलच्या नादी लागला असाल तर हे वाचाच, अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय.

गेल्या वर्षी इथे पेनसिल्व्हेनियात एका म्हाताऱ्याकडून डब्ल्यूएलए घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आर्मीला दिलेलं मॉडेल, ४५ क्युबिक इंच म्हणजे साधारण ७४० सीसी, तीन गिअर, तेही हाताने टाकायचे आणि क्लच डाव्या पायाला. माणूस काय गोड बोलायचा! वडील नॉर्मंडीत होते, गाडी १९४४ ची, हा बघा नंबर, ४४डब्ल्यूएलए. ऑलिव्ह रंग, पुढे बंदुकीचं चामड्याचं म्यान, टाकीवर मिलिटरीची पट्टी, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या किकला चालू पण झाली. १८,००० डॉलर मोजले. ते म्यान, ती पट्टी सगळं आजही नवीन बनवून मिळतं हो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पुढे ऑइल गळायला लागलं म्हणून एका जुन्या मेकॅनिककडे नेली तर तो नंबर बघूनच म्हणाला, ४४ कुठून आलं? १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत गाडी कुठल्याही वर्षी बनो, कंपनी नंबर ४२डब्ल्यूएलए नेच सुरू करायची. मग टॉर्च मारून दाखवलं, इंजिनच्या डाव्या बाजूला नंबराच्या जागेवर ग्राइंडर फिरवल्याच्या बारीक रेषा आणि आकडे एक वर एक खाली, हाताने ठोकलेले. इंजिनच्या पोटाखाली क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचाच्या, दोन्ही अर्ध्यांवर एकच नंबर (हा वरच्या नंबरापेक्षा वेगळा) असायला हवा कारण त्यांची जोडी कंपनीत एकत्रच मशीन व्हायची, माझ्या गाडीला डावीकडे ४२ चा आणि उजवीकडे ४३ चा. दोन वेगळ्या इंजिनांचं परस्पर लग्न लावलंय.

आणि ही लबाडी का चालते, तर १९७० च्या आधीच्या हार्लेला फ्रेमवर गाडीचा नंबर नसायचाच, कागदावर इंजिनचा नंबर लागतो. म्हणजे ज्याने इंजिनवर पंच मारला त्याने गाडीच नवीन जन्माला घातली समजा. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, तर अजून कहर, मालक म्हणून तिसऱ्याच माणसाची सही आणि घेणाऱ्याची जागा कोरी, म्हातारा म्हणाला मित्राची गाडी आहे त्याने सही करून ठेवलीय. म्हणजे कागदोपत्री हा मधला माणूस कुठेच नाही, पकडायचं कोणाला? आता गाडी नावावर होत नाही, नंबर खोडलेला म्हणून जप्त व्हायची भीती वेगळी, वकिलाची फी ऐकून तर मी फोनच ठेवला.

बघायला जाल तेव्हा टॉर्च आणि छोटा आरसा न्या, गोष्टी नंतर ऐका, आधी जमिनीवर आडवे होऊन पोटाखालचे नंबर वाचा. टायटलवरचं नाव आणि समोरच्याचं लायसन्स जुळत नसेल तर तिथूनच मागे फिरा.

हाच म्हातारा सध्या अजून एक विकतोय, या वेळी ४५डब्ल्यूएलए. जाहिरातीत इंजिनच्या डाव्या बाजूचा एकही फोटो नाही, माझ्या मित्राने मागितला तर म्हणे कॅमेरा बिघडलाय.