जुनी जॅग्वार एक्सएफ : फोर्डच्या हाताची की टाटांच्या?

ठाणे-नवी मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एमएच-04 आणि एमएच-43 पाटीच्या जॅग्वार एक्सएफ आता नव्या साध्या सेडानच्या भावात दिसतात. विकणारा एक वाक्य हमखास टाकतो : "टाटांचीच गाडी आहे साहेब, पार्टचं टेन्शन नाही." यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा नाही. टाटांच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जॅग्वारचं कामही होत नाही आणि तिचे पार्टही मिळत नाहीत. दोन्हीचं जाळं वेगळं आहे. हॅरियर आणि सफारीचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी8 वरून बेतला आहे हे खरं, पण त्यातलं काही एक्सएफला बसत नाही. एक्सएफच्या खर्चाचा अंदाज घ्यायचा तर तिच्या इंजिनाचं आरेखन झालं तेव्हा कंपनी कोणाच्या हातात होती, हे बघावं लागतं.

विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली यांनी 1922 साली ब्लॅकपूलमध्ये मोटरसायकलचे साइडकार बनवायला सुरुवात केली. 'जॅग्वार' हे नाव 1935 मध्ये एका मॉडेलला मिळालं आणि महायुद्धानंतर, 1945 मध्ये, ते कंपनीचं झालं. आधीच्या नावातली 'एसएस' ही अक्षरं हिटलरच्या 'एसएस' दलामुळे तेव्हा कोणालाच नको होती. पन्नाशीच्या दशकात फ्रान्समधली 24 तासांची ल मान्सची शर्यत पाच वेळा जिंकली, 1961 मध्ये ई-टाइप ही स्पोर्ट्स कार आली. मग उतरण सुरू झाली. 1966 मध्ये कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये गेली, 1968 मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये आणि 1975 मध्ये लेलँडसकट सरकारच्या ताब्यात. त्या वर्षांत गाडीचा दर्जा इतका घसरला की 'जॅग्वारची वायरिंग' ही कुचेष्टा आजही ऐकू येते. 1984 मध्ये कंपनी पुन्हा स्वतंत्र होऊन शेअर बाजारात आली. 1989 मध्ये फोर्डने ती घेतली, 2000 मध्ये बीएमडब्ल्यूकडून लँड रोव्हरही घेतली, आणि जून 2008 मध्ये दोन्ही मिळून 2.3 अब्ज डॉलरला टाटा मोटर्सना विकल्या. 2025 मध्ये टाटा मोटर्सचे दोन भाग झाले, तेव्हा जॅग्वार लँड रोव्हर प्रवासी गाड्यांच्या कंपनीकडे गेली.

आपल्याला यातली शेवटची दोन घरं महत्त्वाची. पहिली एक्सएफ 2008 च्या सुरुवातीला विक्रीला आली, म्हणजे ती पूर्ण फोर्डच्या काळात घडलेली आहे. टाटांच्या हाती आली तेव्हा गाडी तयार होती आणि इंजिनं त्यानंतरही कित्येक वर्षं फोर्डच्याच घराण्यातली येत राहिली. पुण्यात 2013 पासून जोडलेली 2.2 डिझेल एक्सएफ कागदावर टाटांची, पण तिचं इंजिन फोर्ड आणि प्यूजो-सिट्रोएन यांनी मिळून बनवलेलं. 190 अश्वशक्तीची ही गाडी जुन्या बाजारात सगळ्यात जास्त दिसते, आणि आमच्या मते घ्यायची तर हीच घ्यावी. कारण साधं आहे. हेच इंजिन लँड रोव्हरच्या फ्रीलँडर 2, जुनी इव्होक आणि सुरुवातीच्या डिस्कव्हरी स्पोर्टमध्ये आहे. त्यामुळे इंजिनाचे बरेच पार्ट जॅग्वारच्या डब्याशिवाय, मूळ पुरवठादाराच्या डब्यात मिळतात, आणि वागळे इस्टेट किंवा तुर्भे-नेरुळ एमआयडीसीतल्या लक्झरी गाड्यांच्या गॅरेजमध्ये ते इंजिन उघडलेला माणूस भेटतो.

या 2.2 मध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला टायमिंग चेन नाही, रबरी बेल्ट आहे. गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालली असली तरी रबर वर्षांनी म्हातारं होतं. दहा वर्षं झालेल्या गाडीत बेल्ट बदलल्याचं बिल हातात मिळालं नाही, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. नुसता बेल्ट बदलून भागत नाही. बेल्ट ताणून धरणारे टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलावेत, कारण पंपाचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करायला लागतो.

3.0 व्ही6 डिझेल चालवायला फार सुंदर आहे. 600 न्यूटन मीटरचा जोर आहे, समृद्धीवर चढ कळतसुद्धा नाही. पण या घराण्यात क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, बेअरिंग जागेवरून फिरण्याचे आणि शाफ्टच तुटण्याचे प्रकार जगभर झाले आहेत, लँड रोव्हरमध्ये जास्त. ऑइलची सगळी बिलं असलेली गाडी असेल तरच त्या वाटेला जावं. 2.0 टर्बो पेट्रोल, 240 अश्वशक्तीचं, तेही फोर्डच्या घरचंच. पेट्रोल भरपूर पितं, पण रोज कापूरबावडी ते कासारवडवली एवढीच धाव असेल तर डिझेलपेक्षा तेच बरं.

आता टाटांच्या काळातली एक्सएफ. दुसरी पिढी, भारतात 2016 पासून. ही खरी टाटांच्या पैशावर उभी राहिलेली गाडी. सांगाडा बहुतांश ॲल्युमिनियमचा, आधीच्या गाडीपेक्षा 190 किलोपर्यंत हलकी, आणि इंजिन 'इंजेनियम', इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला खास उभारलेल्या कारखान्यातलं. वळणावर ही गाडी पहिलीपेक्षा नि:संशय सरस आहे. इंजिन मात्र दुसऱ्याच्या घरून आलेलं नाही, म्हणून मूळ पुरवठादाराचा स्वस्त पर्याय फार थोड्या पार्टना मिळतो.

तिच्या 2.0 डिझेलचं दुखणं नीट समजून घ्यायला हवं, कारण ठाण्याच्या रस्त्यांनी ते वाढतं. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साठली की गाडी ती आपोआप जाळते. त्यासाठी जादा डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा फवारलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. पंधरा-वीस मिनिटं सलग वेग मिळाला तर जाळणं पूर्ण होतं. माजिवड्याच्या पुलाखाली इंजिन बंद केलं तर ते अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी नव्याने सुरू होतं. असं होत होत ऑइल पातळ होतं. पातळ ऑइलने टायमिंग चेन आणि टर्बोचं बेअरिंग झिजतं. चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. म्हणजे चेन बदलायची तर आधी गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली. पार्टपेक्षा मजुरी जास्त लागते ती इथे.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनाच्या मागून, पुढच्या काचेच्या बाजूने, सुटी साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर विषय संपला. या इंजिनाला ऑइल बघायची पट्टी नाही, पातळी स्क्रीनवर येते : गाडी सपाट जागी उभी, इंजिन गरम करून बंद केलेलं, दहा मिनिटं थांबायचं. पातळी कमालच्या वर दिसली तर कोणी जास्त भरलं नसेल, डिझेल उतरलं असेल. ऑइलचं झाकण उघडून डिझेलचा वास येतो का बघा. मुदतीच्या कितीतरी आधी सर्व्हिसचा निरोप येत असेल तर त्याचं कारणही हेच.

घेतलीच, तर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर ऑइल बदला. ग्रेड 0डब्ल्यू-30, पण डब्यावर जॅग्वार लँड रोव्हरचा एसटीजेएलआर.03.5007 हा क्रमांक हवा. महिन्यातून दोनदा गाडीला मोकळा रस्ता द्या. नवी मुंबईकरांना अटल सेतू आहे, सिग्नलशिवाय 21.8 किलोमीटर. ठाणेकरांना आमणेवरून समृद्धी. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून उभ्या गाडीत डीपीएफमधली काजळी जाळून दिली तर त्यानंतर ऑइल बदललंच पाहिजे. हे सांगितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी करत नाहीत.

गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, बहुतेक गाड्यांत आठ गिअरचा, आणि तो खरोखर उत्तम आहे. 'ऑइल आयुष्यभराचं' असं सांगतात, पण खुद्द झेडएफ 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षं म्हणते. फिल्टर प्लॅस्टिकच्या तळपात्रातच असतो, म्हणून पूर्ण तळपात्र बदलतात. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान 30 ते 50 अंशांच्या मधे असताना बघायची. ज्या गॅरेजकडे हे तापमान वाचणारा स्कॅनर नाही त्यांच्या हाती गिअरबॉक्स देऊ नका. दोष वाचायला जुन्या एक्सएफला कंपनीचं एसडीडी सॉफ्टवेअर लागतं, बऱ्याच नव्यांना पाथफाइंडर. "कोणतं आहे?" एवढा एकच प्रश्न विचारला तरी गॅरेजची पारख होते. मागचे ब्रेक पॅड बदलतानाही आधी पार्किंग ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. पिस्टन जोराने दाबला की मोटर जाते.

बॅटरी डिकीत आहे आणि पावसाळ्यात तिथेच पाणी जातं, मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून किंवा सनरूफच्या तुंबलेल्या नळ्यांतून. डिकीतलं कार्पेट उचलून बोटाने दाबून बघा. बॅटरी अशक्त झाली की गाडी एकदम सात-आठ निरनिराळे दोष दाखवते आणि माणूस घाबरून नको ते पार्ट बदलतो. पहिल्या पिढीत बटण दाबल्यावर गिअरचा गोल खटका वर येतो आणि डॅशबोर्डवरचे एसीचे झरोके फिरून उघडतात. प्रत्येक झरोका पूर्ण उघडतो का बघा. एखादा अर्ध्यावर अडकत असेल तर त्याची मोटर गेलेली असते, आणि भाव कमी करून घ्यायला ते रास्त कारण आहे.

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत सस्पेन्शनच्या पुढच्या आर्मचे रबरी बुश लवकर जातात. चाचणी घेताना पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून वीसच्या वेगाने, खिडक्या बंद करून चालवा, टकटक ऐकू येते. टायरच्या आतल्या बाजूला फुगवटा आहे का, हे हात घालून तपासा. सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरवर पोट घासतं, म्हणून लिफ्टवर चढवून खालचं कव्हर फाटलंय का तेही बघावं.

दुसऱ्या पिढीला ठोकर लागली तर साधं डेंटिंग चालत नाही. ॲल्युमिनियमचे भाग रिव्हेट आणि गोंदाने जोडलेले असतात. लोखंड घासलेल्या ग्राइंडरची धूळ त्यात बसली की रंगाखाली गंज धरतो. विमा घेताना कॅशलेस यादीतल्या कोणत्या बॉडीशॉपला ॲल्युमिनियमची स्वतंत्र जागा आहे ते आधी विचारा, आणि इंजिन प्रोटेक्शनचं जादा कवच घ्याच. साचलेल्या पाण्यातून नेताना इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

एक्सएफ, एक्सई आणि एफ-टाइपचं उत्पादन 2024 मध्ये थांबलं आहे, आणि जॅग्वार पूर्ण विजेच्या गाड्यांकडे वळली आहे. त्यामुळे खरेदीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल तर गाडी घेऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगू. येत असेल तर बेल्ट बदललेली 2.2, स्थानिक पाटीची, एकाच गॅरेजची सलग बिलं असलेली शोधा.

स्थानिक पाटी अशासाठी की दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेलवर आलेल्या बंधनांमुळे तिकडच्या एक्सएफ इथे आकर्षक भावात येतात. त्यांना तिथल्या आरटीओचं फॉर्म 28 चं ना-हरकत पत्र लागतं, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि तो आजच्या सौद्याच्या रकमेवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवरून, वयाची सूट देऊन काढतात. कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म 35 वर बँकेचा शिक्का हवा. फॉर्म 29 आणि 30 वरच्या सह्या, चासी नंबर आणि आरसी जुळल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.