शहापुरातली भाड्याची खोली की खानापूर तालुक्यातले आपले घर: ओढगस्तीच्या दिवसांत काय निवडावे?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम कमी झाले किंवा वडगाव-शहापूरचे माग दिवसाआड चालू लागले, की भाड्याने राहणाऱ्या घरांत एकच विषय निघतो: बेळगावातच हात आखडून राहावे, की गावच्या घरी परतावे? माझ्या यजमानांची पाळी निम्म्यावर आली तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढेही आला. शहापुरातली खोली आणि पुढे चौदा महिने खानापूर तालुक्यातले सासरचे घर, अशा दोन्ही ठिकाणी तंगीतला संसार केल्यामुळे, जे सध्या याच विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

शहरात सर्वांत जड जाते ते भाडे. आमचे साडेचार हजार होते आणि काम मिळो न मिळो, ते पाच तारखेला द्यावेच लागे. त्याच्या मोबदल्यात दवाखाना, माध्यमिक शाळा आणि तुटपुंजे का होईना, पण रोजचे काम हाताशी राहते. मात्र खरी गळती भाड्यात नसून गल्लीतल्या दुकानाच्या वहीत असते, हे मला उशिरा कळले. उधारीवर आणलेला जिन्नस कधी मोजून आणला जात नाही. आम्ही ते खाते फेडून बंद केले आणि महिन्याचा किराणा एकदाच रविवार पेठेतून रोखीने आणू लागलो, त्या महिन्यात ताटात एक भाजी कमी होती, पण दुकानावरून जाताना मान खाली घालावी लागली नाही. शहरातल्या साधेपणातले समाधान मला तिथे प्रथम मिळाले.

गावी भाडे नाही, तांदूळ घरचा, परड्यात भाजी, आणि नाचणीची भाकरी व हुलग्याची आमटी यांवर आठवडा सहज निघतो. रात्रीची जेवणे झाली की सासूबाई चुलीतल्या निखाऱ्यांवर हलकेच राख ओढत आणि पहाटे ती बाजूला सारून दोन फुंकरींत जाळ करत. एक काडीसुद्धा वाया न घालवणारा तो हात पाहून माझ्या मनाची घालमेल कितीतरी शमली. तरीही गावी वाचलेला पैसा कोणाच्या तरी अंगमेहनतीतून वाचतो, हे निर्णयापूर्वी घरात स्पष्ट बोलले पाहिजे. जळण आणणे, पाणी भरणे, दळण, गोठा ही सगळी कामे एकट्या सुनेवर पडणार असतील, तर खर्च कमी होईल, पण घर सुखी होणार नाही. आमच्याकडे यजमानांनी जळण आणि पाणी आपल्याकडे घेतले, म्हणून ते दिवस गोड गेले. तसेच घराच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, हे भाऊबंदांशी आधीच बोलून घ्यावे.

सरकारी आधाराचा हिशेब सीमाभागात नीट समजून घ्यावा लागतो. कर्नाटकातली ‘शक्ती’ योजना ११ जून २०२३ पासून महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास देते, ‘गृहलक्ष्मी’तून पात्र कुटुंबातील प्रमुख महिलेला दरमहा २,००० रुपये ठरले आहेत आणि ‘गृहज्योती’त सरासरी वापराच्या हिशेबाने कमाल २०० युनिटपर्यंत विजेचे बिल माफ होते. शहर सोडून खानापूर तालुक्यात गेल्याने हा हक्क जात नाही. उलट आमच्या नणंदेची मुलगी गावाहून बेळगावच्या कॉलेजला बसभाड्याविना जात असे. परंतु तुमचे गाव चंदगड तालुक्यात असेल, तर तुम्ही दुसऱ्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रात जाता. तिथे एसटीत महिलांना तिकीट निम्मे लागते आणि रेशनकार्डापासून सगळे कागद नव्याने पाहावे लागतात. अशा कुटुंबांनी घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांची मुले लहान आहेत, घर राहण्याजोगे आहे आणि नवराबायको दोघांची तयारी आहे, त्यांनी गाव निवडावे. मात्र सुगी संपल्यावर जावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलून घर शाकारायला आणि जळण कोरडे साठवायला उसंत मिळते, कारण खानापूरचा पाऊस ओल्या लाकडावर स्वयंपाक करू देत नाही. ज्यांचे मूल नववी-दहावीत आहे त्यांनी मात्र खोली सोडू नये. गावची मराठी शाळा बहुधा सातवीपर्यंतच असते. आमची मुलगी आठवीत गेली तेव्हा आम्हीही शहापुरात परतलो, पूर्वीपेक्षा लहान खोलीत, गावचे तांदळाचे पोते सोबत घेऊन. दुकानातले खाते पुन्हा उघडलेले नाही.