लिलीचा परागकोश आणि नाकतोड्याचे वृषण : एका काचपट्टी-संचाचे परीक्षण

सजीवांमधील लैंगिक प्रजननाची उत्क्रांती सूक्ष्मदर्शकाखाली पाहता यावी, या हेतूने तयार केलेला हा 24 काचपट्ट्यांचा संच वनस्पती आणि प्राणी अशा दोन कप्प्यांत विभागलेला असून सोबत एक माहितीपुस्तिका दिलेली आहे. काचपट्ट्यांच्या कारागिरीला मनापासून दाद द्यावी लागेल. मांडणी आणि पुस्तिका यांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

सर्वांत सुंदर काचपट्टी स्पायरोगायरा या तंतुमय शैवालाच्या संयुग्मनाची, म्हणजे दोन तंतूंतील पेशींच्या मीलनाची आहे. समांतर आलेले दोन तंतू, त्यांना शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे जोडणाऱ्या नलिका, एका तंतूतील पेशी रित्या झालेल्या आणि समोरच्या तंतूतील पेशींत जाड भिंतीचे लंबगोल युग्मनज (मीलनातून बनलेल्या पेशी), हे सारे 100 पट विवर्धनातही लख्ख दिसते. एका नलिकेत तर पेशीद्रव्य अर्ध्या वाटेवर असतानाच स्थिर केले गेले आहे. दोन्ही युग्मके (एकमेकांत मिसळणाऱ्या प्रजननपेशी) आकाराने सारखीच असतात, तरी एक जागचे हलते आणि दुसरे जागीच थांबते. नर आणि मादी या भेदाची चाहूल इतक्या साध्या शैवालातही लागते.

यानंतर व्हॉल्वॉक्सची मोठी अंडपेशी येते आणि पुस्तिका या दोहोंना एकाच प्रवासाचे लागोपाठचे टप्पे म्हणून मांडते, ते चूक आहे. ही दोन शैवाले हिरव्या वनस्पतींच्या वेगवेगळ्या शाखांतली आहेत. व्हॉल्वॉक्सचा खरा जवळचा नातलग म्हणजे एकपेशीय क्लॅमिडोमोनास, जो नायट्रोजनाचा तुटवडा पडला की सारख्याच आकाराची युग्मके तयार करतो. त्याची काचपट्टी संचात नाही. युग्मकांचा आकार विषम का झाला, याचे 1972 मध्ये पार्कर, बेकर आणि स्मिथ यांनी दिलेले स्पष्टीकरण पुस्तिकेत नेमकेपणाने आले आहे : लहान युग्मके संख्येने जास्त होतात, मोठी युग्मके भ्रूणाला अधिक अन्न पुरवतात, आणि मधल्या आकाराची युग्मके दोन्हीकडे मागे पडतात.

नेच्याचा हृदयाकृती प्रोथॅलस, म्हणजे युग्मके तयार करणारी त्याची चिमुकली अवस्था, उत्तम रंगवलेला आहे; त्याच्या खाचेजवळची स्त्री-जननांगे आणि मूलाभांमधली (मुळांसारख्या तंतूंमधली) पुं-जननांगे सहज वेगळी ओळखता येतात. शुक्रपेशीला अंडपेशीपर्यंत पोहत जावे लागते, ही पाण्याची अट जमिनीवर आलेल्या वनस्पतींनी किती काळ पाळली, हे इथेच समजते. गिंकोसारख्या बीजधारी वृक्षातही पोहणाऱ्या शुक्रपेशी असल्याचे हिरासे यांनी 1896 मध्ये दाखवले होते; त्याचा उल्लेखही पुस्तिकेत नसावा, याचे वाईट वाटते. परागनलिकेची काचपट्टी ठीक आहे, द्विफलनाची (फुलझाडांतील दुहेरी फलनाची) मात्र निराशा करते, कारण हे फलन जिथे होते त्या भ्रूणकोशाच्या कडेने छेद गेला आहे.

संचाचे खरे मोल ज्या दोन काचपट्ट्यांत आहे, त्या दुर्दैवाने दोन निरनिराळ्या कप्प्यांत पडल्या आहेत : लिलीचा परागकोश आणि नाकतोड्याचे वृषण. या दोन्ही एकामागून एक पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दोन्हींत अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन चालू आहे. गुणसूत्रांच्या जोड्या जुळणे, त्या मध्यभागी येणे, विलग होणे, सारे टप्पे त्याच क्रमाने दिसतात. हे साम्य योगायोगाचे नाही. विभाजनाच्या आरंभी डीएनएमध्ये मुद्दाम तुटी निर्माण करणारे एसपीओ-11 हे प्रथिन वनस्पती, प्राणी आणि कवके या तिन्हींत आढळते, म्हणजे ही यंत्रणा त्यांच्या समाईक पूर्वजाकडेच होती. वनस्पती आणि प्राणी यांनी लैंगिक प्रजनन स्वतंत्रपणे शोधून काढले, असा जो समज कप्प्यांमुळे होतो, तो या दोन काचपट्ट्याच खोडून काढतात. एक तांत्रिक उणीव अशी की, दोन्ही ठिकाणी पातळ छेद घेतल्यामुळे गुणसूत्रे मध्येच कापली गेली आहेत. पेशी दाबून पसरवलेली काचपट्टी दिली असती, तर गुणसूत्रांची अदलाबदल जिथे होते ते सांधे अखंड दिसले असते.

प्राण्यांच्या कप्प्यातील डॅफ्निया या पाण्यातील चिमुकल्या कवचधारी जीवाची जोडी विचारपूर्वक निवडली आहे. पहिल्या मादीच्या पाठीवरील कोशात नराविना वाढणारी अंडी आहेत, दुसरीच्या पाठीवर फलित अंडी जपणारे गडद, टणक कवच. अन्न घटले, गर्दी वाढली, दिवस लहान झाले की हा जीव नर निर्माण करतो आणि लैंगिक प्रजननाकडे वळतो. कलिकायन करणारी आणि अंगावर वृषणे आलेली हायड्राही संचात आहे, पण ती फार गडद रंगली आहे.

इथे स्वाभाविकपणे पडणारा प्रश्न म्हणजे, नराविना भागत असताना नर हवेतच कशाला? पुस्तिका ‘विविधतेसाठी’ एवढेच सांगून थांबते. ते अपुरे आहे, कारण जनुकांच्या सरमिसळीत चांगले जुळलेले संचही मोडतात. शिवाय उत्क्रांतिशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी 1970 च्या दशकात दाखवल्याप्रमाणे, केवळ मादीच जन्माला घालणारी मादी, बाकी सारे समान असेल तर, दुपटीच्या वेगाने वाढते. एवढी किंमत मोजूनही लैंगिक प्रजनन का टिकले, याची गंभीर उत्तरे उपलब्ध आहेत. सरमिसळ नसेल तर घातक उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) साचत जातात, हे आनुवंशिकीतज्ज्ञ म्युलर यांनी 1964 मध्ये मांडले. न्यूझीलंडच्या गोड्या पाण्यातील गोगलगायींत जीवशास्त्रज्ञ लाइव्हली यांना असे आढळले की, जिथे परजीवी कृमी जास्त, तिथे लैंगिक प्रजनन करणाऱ्या गोगलगायींचे प्रमाण जास्त. ही दोन उदाहरणे एका पानात मावली असती.

पदवीच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हा संच काचपट्ट्यांसाठी अवश्य घ्यावा, पुस्तिकेवर मात्र विसंबून राहू नये. पुढील आवृत्तीत निर्मात्यांनी एक भर घालावी : डेलॉइड रोटिफरची काचपट्टी. या सूक्ष्म प्राण्यांत आजवर एकही नर सापडलेला नाही, तरीही हा गट कोट्यवधी वर्षे तग धरून आहे.