'प्लांट बेस्ड' लिक्विड डिटर्जंट : कपडे स्वच्छ निघतात, लेबल गोलमाल

बाटलीवरचं हिरवं पान बघून नाही, मागच्या यादीत लॉरिल ग्लुकोसाइड हे मळ काढणारं रसायन दिसलं म्हणून घेतलं. ग्लुकोज आणि फॅटी अल्कोहोलपासून बनतं ते, आणि ऑक्सिजन असो नसो, जिवाणू त्याचा फडशा पाडतात. नेहमीच्या पावडरीत त्याच कामाचं पेट्रोलियमवालं एलएएस (लिनियर अल्किलबेन्झिन सल्फोनेट) असतं, ते हवा मिळाली तर व्यवस्थित विघटित होतं, पण बिनऑक्सिजनच्या गाळात जाऊन बसलं की हलत नाही.

धुलाई छान आहे. थंड पाण्यात कॉलरचा मळ निघाला, जे महत्त्वाचं, कारण पाणी तापवायला लागणारी वीज हा धुण्यातला मोठा खर्च असतो, पर्यावरणाच्या हिशोबातही. तेलाच्या डागावर मात्र आधी थेंबभर टाकून बोटाने चोळावं लागतं, नाहीतर वाळल्यावर कडा दिसतात. वास जवळपास नाहीच, मला चालतं.

आता लेबल. यादीत सोडियम लॉरेथ सल्फेटपण आहे, तेही मळ काढणारंच, ग्लुकोसाइडच्या वर. त्याच्या रेणूची तेलाला धरणारी शेपटी पाम कर्नल नाहीतर खोबरेल तेलातून येते पण मधला इथिलीन ऑक्साइड बहुतेक वेळा पेट्रोलियमचाच असतो, वर ते बनवताना 1,4-डायऑक्सेन नावाचं नको असलेलं रसायन अंशभर राहू शकतं आणि ते पाण्यातून सहज जात नाही. म्हणजे 'प्लांट बेस्ड' अर्धंच ना! आणि तसंही कार्बन झाडातून आला की तेलविहिरीतून, रेणू सेम असेल तर जिवाणूंना काय फरक पडतो? 1960 च्या दशकात नद्यांवर फेसाचे डोंगर जमायचे ते रेणूत फांद्या असलेल्या कार्बन साखळीच्या डिटर्जंटमुळे, जिवाणूंना ती नीट तोडता यायची नाही, मग सरळ साखळीचं एलएएस आलं आणि फेस ओसरला, दोन्ही पेट्रोलियमचीच.

झाडाचं नाव घेतलं की प्रश्न जंगलाचा येतो. पाम कुठल्या मळ्यातला, सर्टिफाइड आहे का, असं कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं 'आम्ही निसर्गाची काळजी घेतो' 🙄 '100% बायोडिग्रेडेबल' छापलंय, कुठल्या टेस्टने ते नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एका नेहमीच्या टेस्टमध्ये 28 दिवसांत 60% विघटन झालं तरी पास करतात, मग हे 100 कुठून आले?

3.5 स्टार. अर्धा कापला तो झाकणासाठी, मापाच्या रेघा पारदर्शक प्लास्टिकवर पारदर्शकच, हमखास जास्त ओतलं जातं.