जठरातली गाठ: तोंडातून, दुर्बिणीतून की पोट उघडून?

जठरातल्या गाठीचं ऑपरेशन कोणत्या पद्धतीनं करायचं ते ठरवण्याआधी फाइलमध्ये दोन कागद पक्के हवेत: बायोप्सीचा रिपोर्ट आणि छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला सीटी स्कॅन. गाठ लहान असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीही करून घ्यावी, कारण गाठ जठराच्या भिंतीत किती खोल उतरली आहे ते तिच्यात नीट कळतं. हे हातात नसताना कुणी 'तीन दिवसांत घरी' असं सांगत असेल, तर तारीख घेऊ नका.

आधी गाठ कोणत्या जातीची ते पाहायचं. बहुतेक गाठी अ‍ॅडिनोकार्सिनोमा असतात. या आतल्या अस्तरातून उगवतात आणि शेजारच्या लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींमध्ये) पसरतात. दुसरी जात जिस्ट. ती भिंतीच्या स्नायूच्या थरात वाढते आणि नोडमध्ये सहसा जात नाही. जिस्टमध्ये एक फसगत होते: एंडोस्कोपीचा चिमटा वरचं अस्तरच उचलतो, गाठ त्याच्या खाली राहते आणि बायोप्सी 'नॉर्मल' येते. स्कॅनमध्ये गाठ दिसत असेल तर त्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नये. सोनोग्राफीच्या एंडोस्कोपमधून सुईनं तुकडा काढून सीडी-117 ची, म्हणजे जिस्ट ओळखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करून घ्यावी.

तोंडातून: ईएसडी

ईएसडी म्हणजे एंडोस्कोपनं अस्तराखालून गाठ सोलून काढणं. यात पोटावर छेद नसतो. एंडोस्कोपमधून गाठीभोवती डागून ठिपके काढतात, अस्तराखाली रंगीत द्रव टोचून गाठ वर उचलतात, भोवतीनं कापतात आणि खालून सोलून एकसंध बाहेर काढतात. एकसंध निघणं महत्त्वाचं. तुकडे झाले तर कडा स्वच्छ आहेत का, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही.

पण ही वाट फार थोड्यांसाठी आहे. कर्करोग अस्तरापुरताच असावा, पेशी चांगल्या विकसित प्रकारच्या असाव्यात, अल्सर नसावा आणि आकार 2 सेंमीच्या आत असावा, ही मूळ अट. अनुभवी हातांत ती थोडी सैल करतात. जपान आणि कोरियात सरसकट एंडोस्कोपी होते, म्हणून तिथे अशा गाठी वेळेवर सापडतात. आपल्याकडे रुग्ण येतो तोवर बहुधा जेवण अडकायला लागलेलं असतं. काढलेल्या गाठीत कर्करोग अस्तराखाली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल गेलेला किंवा रक्त-लसिका वाहिन्यांत शिरलेला दिसला, तर पुढे जठराचं ऑपरेशन करावंच लागतं. ही शक्यता आधीच मान्य करून मग ईएसडीला जावं.

दुर्बीण की मोठा छेद

बहुतेक घरांचा खरा प्रश्न हाच असतो. आतलं काम दोन्हींत तेच आहे. जठराचा खालचा सुमारे दोन-तृतीयांश भाग किंवा पूर्ण जठर काढायचं, खोल गेलेल्या गाठीपासून साधारण 3 ते 5 सेंमी निरोगी कड सोडायची, मुख्य रक्तवाहिन्यांभोवतीचे नोड साफ करायचे (सर्जन याला 'डी-टू' म्हणतात) आणि आतड्याला जोड द्यायचा. दुर्बिणीत हे 5 ते 12 मिमीच्या पाचेक छिद्रांतून, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून करतात आणि काढलेला भाग 4-5 सेंमीच्या छेदातून पिशवीत घालून बाहेर आणतात. उघड्या ऑपरेशनात छाती-हाडाच्या टोकापासून बेंबीपर्यंत छेद असतो.

कर्करोग बरा होण्यात फरक पडतो का? कोरियातल्या क्लास-01 चाचणीत सुरुवातीच्या टप्प्याचे 1416 रुग्ण होते. पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटात 94.2 टक्के आणि उघड्या गटात 93.3 टक्के हयात होते. चीनमधली त्याच नावाची चाचणी पुढच्या टप्प्याच्या 1056 रुग्णांवर झाली. तिच्यात तीन वर्षांनी रोगमुक्त असलेले 76.5 आणि 77.8 टक्के, म्हणजे बरोबरीच. मात्र हे आकडे निवडक, कसलेल्या सर्जनचे आहेत. नवख्या हातांतल्या दुर्बिणीला ते लागू करू नका.

दुर्बिणीचा फायदा मुख्यतः जखमेचा आहे: दुखणं कमी, जखम पिकणं कमी, पुढे त्या जागी हर्निया होण्याचा धोका कमी. दुखत नसलं की रुग्ण जोरात खोकतो, दीर्घ श्वास घेतो, त्यामुळे छातीत कफ साचत नाही. साठीच्या पुढच्या, तंबाखू-विडीची सवय असलेल्या माणसाला याचं मोल फार आहे. लवकर घरी जाण्याच्या गोष्टीवर मात्र फार विसंबू नये. नेदरलँड्समधल्या चाचणीत दोन्ही गटांचा मुक्काम सारखाच, सात दिवसांचा होता.

बदल्यात दुर्बिणीला तासभर किंवा जास्त वेळ लागतो आणि खर्च वाढतो, विशेषतः स्टेपलरचा. प्रत्येक कार्ट्रिजचं वेगळं बिल लागतं आणि एका ऑपरेशनात पाच-सहा सहज लागतात. अंदाजपत्रक मागताना हा आकडा लिहून मागा.

जोड गळण्याचा धोका दुर्बिणीनं जात नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात ताप, नाडी सतत 110 च्या वर, डाव्या खांद्यात दुखणं, पोटात ठेवलेल्या नळीतून गढूळ किंवा हिरवट पाणी, यातलं काहीही दिसलं तर रात्रीच्या रात्री डॉक्टरांना उठवायचं. म्हणून सर्जनइतकंच रुग्णालयही बघा: रात्री सीटी होतो का, सुईनं पू काढणारा रेडिओलॉजिस्ट मिळतो का, आयसीयू आहे का.

गाठ स्वादुपिंडाला किंवा मोठ्या आतड्याला चिकटलेली असेल, नोडचे मोठे गोळे असतील, गाठ फुटली असेल, रक्तस्राव थांबत नसेल किंवा हृदय-फुप्फुसांना गॅसचा दाब झेपणार नसेल, तर सरळ पोट उघडून करणं चांगलं. दुर्बिणीनं सुरू करून मधेच उघडावं लागलं तर त्याला अपयश समजू नये. अडून बसणारा सर्जन जास्त धोक्याचा. पूर्ण जठर काढायचं असेल तर अन्ननलिका आणि आतड्याचा जोड छाती-पोटामधल्या पडद्याखाली खूप वर द्यावा लागतो. तिथे दुर्बीण हवीच असेल, तर हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्याकडेच जावं. 'वर्षाला अशी किती करता आणि सरासरी किती नोड निघतात?' असं विचारायला संकोच नको.

गाठ स्नायूपर्यंत गेलेली किंवा नोड वाढलेले असतील तर आधी केमो देतात. फ्लॉट या चार औषधांच्या केमो पद्धतीत दोन-दोन आठवड्यांनी चार डोस ऑपरेशनआधी आणि चार नंतर. केमो सुरू करण्यापूर्वी दुर्बिणीनं पोटात एकदा डोकावून घ्या, पोट धुऊन ते पाणी तपासायला पाठवा. पोटाच्या आवरणावरचे कर्करोगाचे बारीक दाणे सीटीत दिसत नाहीत, आणि ते असतील तर मोठं ऑपरेशन करून उपयोग नसतो. हा टप्पा गाळलेला पुष्कळ दिसतो.

जिस्ट असेल तर

इथे दुर्बिणीकडे माझा कल स्पष्ट आहे, विशेषतः गाठ 5 सेंमीच्या आत आणि जठराच्या पुढच्या भिंतीवर किंवा मोठ्या वळणावर असेल तर. नोड काढायचे नसतात, थोड्या कडेसह पाचरीसारखा तुकडा काढला की झालं. एकच पथ्य: गाठ चिमट्यानं थेट धरायची नाही, कारण तिचं आवरण फाटलं तर पेशी पोटभर सांडतात आणि रोग परततो. मोठ्या गाठीला आधी इमॅटिनिबची गोळी, रोज 400 मिग्रॅ, देऊन ती आकसवता येते. त्याआधी जनुकीय तपासणी करावी, कारण काही प्रकारांवर हे औषध चालत नाही.

रोबो

हे दुर्बिणीचंच ऑपरेशन, फक्त अवजारं यंत्राच्या हातांत असतात आणि सर्जन ते हात चालवतो. मनगटासारखी वळणारी अवजारं आणि त्रिमिती दृश्य यामुळे सर्जनची सोय होते. आयुष्य वाढतं असा ठोस पुरावा नाही. त्यासाठी कर्ज काढू नये.

बडोद्यात राहून ठरवताना

पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर गुजरातमध्ये कुटुंबाला वर्षाला 10 लाखांपर्यंत संरक्षण आहे. मंजुरी मागताना पॅकेज उघड्या ऑपरेशनचं आहे की दुर्बिणीचं, आणि स्टेपलर त्यात धरलेत का, हे कार्डाच्या खिडकीवर विचारून घ्या. नाहीतर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वरचे पैसे भरायची वेळ येते. सयाजीराव रुग्णालयात दाखवून मत घेता येतं. अहमदाबादची गुजरात कॅन्सर संस्था 110 किमीवर आहे. मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं असेल तर फक्त रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉकही लॅबमधून मागून न्या. ऑपरेशन बाहेरगावी केलंत तर सुट्टी मिळाल्यावर आठवडाभर तरी तिथेच जवळपास राहा. केमो मात्र बडोद्यात घेतली तर दर पंधरवड्याची दगदग वाचते.

जेवण दोन्ही ऑपरेशनांनंतर सारखंच: आधी घोटघोट पाणी, मग पेज, पाचव्या दिवसाच्या सुमारास मऊ वरणभात. पुढे दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, पाणी जेवणाबरोबर प्यायचं नाही. गूळ घातलेली गुजराती डाळ, श्रीखंड, उसाचा रस आतड्यात एकदम उतरले की घाम, धडधड, जुलाब होतात. पूर्ण जठर काढलेल्यांना बी-12 चं इंजेक्शन जन्मभर लागतं.

अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्ट आला की दोन ओळी आधी वाचा: दोन्ही कडा स्वच्छ आहेत का, आणि किती नोड तपासले. नोड 16 पेक्षा कमी असतील तर पॅथॉलॉजिस्टला नमुना पुन्हा चाळायला सांगता येतं, आणि ते पुढची केमो ठरण्याआधीच सांगावं.